दोन पोल जास्त

मार्च संपत आला होता. भर दुपारी मी अंगणात मिरच्या उलथत बसले होते, तेवढ्यात खालच्या वळणावरून दोन पोरं वर आली, एकाच्या हातात फिता, दुसऱ्याकडे चुन्याच्या फक्कीची पिशवी. लाइनच्या कॉन्ट्रॅक्टरची माणसं. वरच्या धनगरवाड्याला लाइट द्यायची म्हणून पोल कुठे रोवायचे त्याच्या खुणा करत चालली होती. पाणी प्यायली, घराकडे बघितलं, छपरावरच्या पॅनलकडे बघितलं आणि फितावाला अगदी सहज म्हणाला, "ताई, वळणापासून तुमच्यापर्यंत दोन पोल जास्त लागतील. तुमचं पण लिहून घेऊ का?" मी म्हटलं, घरात विचारून सांगते. आता मी म्हणजे ही जमीन बघायला आले तेव्हा घरात कुणाला न विचारता इसार देऊन मोकळी झालेली बाई. पण तोंडातून हेच निघालं. बाजूला धनगरवाड्यातल्या आजी बसल्या होत्या, शेरडं खाली सोडून जरा टेकलेल्या. पोरं पुढे जाईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्यात इचारायचं काय? तुमाला लायटीचं वावडं हाय का?"

मी हसले. पण ते वाक्य नंतर कितीतरी दिवस डोक्यात बसून राहिलं.

वावडं कसलं. आम्ही इथे आलो तेव्हा लाइन गावठाणातच संपत होती. तोरण्याच्या मागच्या अंगाला, मढे घाटाकडे जाताना जी वळणं लागतात त्यातल्या एका वळणावरून आत आमचं घर. तेव्हा लाइन आणायची तर पोलचा खर्च आमच्याच डोक्यावर येणार होता, आणि नवऱ्याला मुळातच सोलरची हौस, आयुष्यभर कंपनीत दुसऱ्यांची कंट्रोल पॅनलं दुरुस्त केलेला माणूस तो, त्याला एकदा स्वतःचं पॉवर स्टेशन पाहिजेच होतं. चार पॅनल, प्रत्येकी ३३० वॅटचं, १८ अंशांच्या आसपास कलवून दक्षिणेकडे तोंड केलेलं, आणि जिन्याखाली १५० अँपिअर-अवरच्या चार ट्युब्युलर बॅटऱ्या. पुण्याची मंडळी शनिवारी येतात, पॅनलपाशी फोटो काढतात आणि "बिल झीरो? काय मजा आहे यार तुमची" म्हणतात. झीरो हे खरंच आहे. दर महिन्याला बिल येत नाही. चार-पाच वर्षांनी एकदम येतं आणि ते बॅटरीच्या दुकानात भरायचं असतं.

आणि मधल्या काळात डोक्यात सतत हिशोब चालू असतो. चार बॅटऱ्यांत कागदावर ७.२ युनिट मावतात. पण लेड ॲसिडची बॅटरी रोज अर्ध्याच्या खाली उतरवली की ती लवकर मरते, म्हणजे हातात खरे साडेतीन युनिट. नोव्हेंबर ते मे ऊन लख्ख असतं, पॅनल दिवसाला पाच-साडेपाच युनिट देतात, तेव्हा आम्ही राजे, पाहुण्यांना स्मूदी वगैरे. जुलैत ढग अंगणात उतरून बसतात तेव्हा दिवसभरात एक युनिट निघालं तरी मी देवापुढे साखर ठेवते. नवीन माणूस घरात आलं की ते मिक्सरला घाबरतं, कारण तो ओरडतो, लावल्या लावल्या इन्व्हर्टर घुंऽऽ करतो. पण ५०० वॅटचा मिक्सर दोन मिनिटं चालला तर खर्च होतो युनिटाचा साठावा भाग. काहीच नाही. खरा खादाड आहे तो इन्व्हर्टर स्वतः. त्याच्यावर काहीही न लावता नुसता चालू ठेवला तरी आमचा ४० वॅट पीत बसतो, म्हणजे चोवीस तासांत जवळजवळ एक युनिट, फ्रिजइतकंच. त्याच्या खालोखाल राउटर, १० वॅटचा किरकोळ जीव, पण रात्रंदिवस चालू ठेवला की पाव युनिट गेलं. गाजावाजा करणारं फार खात नाही, कोपऱ्यात गप्प बसलेलं खातं (यावरून कुणी नातेवाइकांवर जाऊ नये). म्हणून रात्री नऊला आमच्याकडे इन्व्हर्टरच बंद होतो, फ्रिजसकट. फ्रीझरमध्ये दिवसा पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवायच्या, त्या बर्फावर रात्र निघते. दूध टिकतं. कोथिंबीर टिकत नाही, पण कोथिंबीर पुण्यात तरी कुठे टिकायची.

बॅटऱ्यांचं करायला लागतं ते वेगळंच. महिन्यातून एकदा झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर घालायचं, ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर बुडवून बघायचं, १.२५ च्या आसपास आलं तर हायसं वाटतं. टर्मिनलवर पांढरं-निळं काही फुललं असेल तर गरम पाण्याने पुसून व्हॅसलीन. या कामाला नेहमी जुनेच कपडे घालायचे, कारण ॲसिडचा थेंब तेव्हा दिसत नाही, दोन धुण्यांनंतर कुर्त्याला भोक होऊन दिसतो. शिवाय इन्व्हर्टरच्या आत मुंग्या घर करतात, उबदार जागा ना. रिलेमध्ये चिरडून मरतात आणि मग अख्खं घर अंधारात. वानरं छपरावरून धावत जातात तेव्हा मी जेवता जेवता श्वास धरते, पॅनलच्या काचेवर उडी पडली का पत्र्यावर ते आवाजावरून कळायला लागलंय आता. मे महिन्यातले वळीव आणि विजा आल्या की नवरा पळत जाऊन सगळे खटके पाडतो. आमच्याखाली सगळा काळा पाषाण, अर्थिंग लागता लागत नाही, त्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरलाय आणि उन्हाळाभर रोज एक तांब्या पाणी घालावं लागतं. तुळशीला विसरले तरी चालतं, अर्थिंगला विसरलेलं नवऱ्याला चालत नाही.

खरी परीक्षा पावसाची. लोकांना वाटतं ऑफ ग्रिड, म्हणजे सरकारी लाइनशिवाय राहणं, हा विजेचा प्रश्न. वीज त्यातल्या त्यात सोपी, तिला आकडे असतात. ओल मोजता येत नाही. जूनच्या शेवटी एक दिवस ढग खिडकीतून आत येतो आणि सप्टेंबरपर्यंत जात नाही. मीठ पाझरतं, काडेपेटी ओली होते, पुस्तकांना हिरवट केसाळ बुरशी येते, चामड्याच्या चपला तर टाकूनच द्यायच्या. डाळीच्या डब्यात हात घातला की गार लागतं. कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, चुलीवर टांगलेल्या वलणीवर ते धुरात लोंबकळत राहतात आणि मग आपण, अंथरूण, टॉवेल, डोक्याचे केस, सगळ्याला एकच वास, धूर आणि दमट सुताचा. पुण्यात एका लग्नाला गेले होते तेव्हा शेजारची बाई मैत्रिणीला विचारत होती, कुठे होम चाललाय का. मला तो वास आवडतो खरं तर. पण आवडतो हे ऑक्टोबरात म्हणायचं, जुलैत नाही.

माझं आजोळ राजापूरकडचं. तिथे आजी मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी करायची, तेव्हा ते मला सणासारखं वाटायचं. लाकडं फोडून पडवीत रचली जायची, शेणी थापून वाळवून झाकायच्या, तांदूळ, मिरची, कोकम, सुकी मासळी, साठं, पापड, शिवाय रॉकेलचा डबा. छप्पर शाकारायला माणसं यायची, त्यांना मधल्या वेळी चहा नेऊन द्यायचं काम आम्हा पोरांचं. संध्याकाळी कंदिलाची काच राखेने आणि फडक्याने पुसायची, हात लहान म्हणून ते काम पण आमचंच, काच फुटली की मात्र कुणाचंच नाही. आता मी इथे तेच करते, फक्त माझ्या यादीत डिस्टिल्ड वॉटरचे कॅन, जनरेटरला पेट्रोल, फ्यूज, ब्लीचिंग पावडर, तुरटी असं वाढलंय. आजीला विचारलं असतं तर तिने यात काही वेगळं आहे असं मानलंच नसतं. तिला पर्याय नव्हता आणि तिला त्याचं कौतुकही नव्हतं. घरात लाइट आली त्या वर्षी तिने कंदील माळ्यावर टाकले ते परत कधी खाली काढले नाहीत, आणि मी सुट्टीत गेल्यावर "लाव ना गं एकदा" म्हणून मागे लागले तर म्हणाली, "काजळी पुसायला तू राहणार आहेस का बारा महिने?"

पाण्याचं सांगितलं की लोक हसतात. इथे एवढा पाऊस पडतो आणि मेमध्ये आमची बोंब. पण साधा हिशोब आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचं छप्पर हजारेक चौरस फूट, पाऊस ३००० मिलिमीटर धरा, इकडे त्याहून जास्तच पडतो, म्हणजे चार महिन्यांत पावणेतीन लाख लिटर पाणी आमच्या पत्र्यावरून वाहून जातं. टाकी आमची १०,००० लिटरची. दोन माणसांनी अगदी काटकसर केली तरी दिवसाला १५० लिटर लागतंच, मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंतचे ९० दिवस धरले तर साडेतेरा हजार. म्हणजे टाकीच्या बाहेरचं साडेतीन हजार लिटर कुठून तरी आणायचंच. पाऊस कमी नाहीये, ठेवायला जागा कमी आहे, आणि खाली कातळ असल्यामुळे जमीनही ते धरून ठेवत नाही. घराच्या वर एक झरा आहे, त्याला काळा पाइप जोडून उताराने पाणी खाली आणलंय, पंप नाही काही नाही, ऐकायला काय छान. पण पाइपाच्या तोंडाशी पाला बसतो, खेकडं अडकतं, म्हशीचा पाय पडून पाइप पिचतो, मध्येच हवा धरते. मग एकाने वर जाऊन तोंड धुवायचं, दुसऱ्याने खाली पाइप तोंडात धरून ओढायचं आणि दोघांनी एकमेकांना ओरडून सांगायचं, आलं का, नाही आलं, आता? एप्रिलपर्यंत करंगळीएवढी धार उरते, बादली भरायला पंधरा-वीस मिनिटं. पावसाळ्यात भरपूर येतं पण लाल. तुरटी फिरवायची, जुन्या सुती साडीतून गाळायचं, मग उकळायचं, आणि उकळायला लाकूड ओलं.

स्वयंपाकाला गॅस आहेच, उगाच खोटं कशाला बोला. १४.२ किलोचा सिलिंडर. पण गॅसची गाडी गावठाणापर्यंतच येते, पुढे आपला आपण आणायचा, पावसात आमच्या चढावर मोटरसायकलच्या मागे सिलिंडर बांधून येणाऱ्या माणसाला बघितलं की रोजचा चहा सुद्धा मोजून होतो. म्हणून चूल आहे, बंब आहे, आणि डॉ. आनंद कर्व्यांच्या आरती संस्थेचा सराई कुकर आहे, त्यात शंभरेक ग्रॅम कोळशाच्या कांड्यांवर वरण-भात-भाजी वाफेवर होऊन जाते आणि मी तासभर दुसरं काही तरी करू शकते. मला विचाराल तर इथे टिकलेली सगळ्यात अक्कलवान वस्तू ती. पाहुणे हमखास विचारतात, गोबर गॅस का नाही करत? अहो, दोन घनमीटरच्या प्लांटला रोज ५० किलो शेण लागतं. आमच्याकडे जनावर नाही, वाडीवरची जनावरं दिवसभर रानात, आणि जे शेण गोठ्यात मिळतं ते भाताच्या राबाला, रोपांची जमीन भाजायला, लागतं. इथे फुकट पडलेलं असं काही नसतं, तसं फक्त शहरातून येणाऱ्याला वाटतं.

संडासाचं एका वाक्यात सांगते, पावसाळ्यात शोषखड्डे तुंबतात, बाकी तुम्ही समजून घ्या.

आणि भीती. तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. उन्हाळ्यात नवऱ्याला लाकडाच्या ढिगात विंचू चावला, लाल. आमच्याकडे मोबाईलची रेंज घरात नाही, वरच्या एका खडकावर उभं राहिलं की दोन दांड्या येतात. मी त्या खडकावर उभी, खाली हा घामाने निथळतोय, आणि डोक्यात एकच, की घाटाखाली महाड आहे, जिथे डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच लाल विंचवाच्या विषावर काम करून प्राझोसिनने माणसं वाचवली. म्हणजे औषध आहे हे मला माहीत आहे, ते कुणी शोधलं हे पण माहीत आहे, फक्त आत्ता गाडी नाही. गाडी आली, वाडीवरच्याच पोराने आणली, सगळं नीट झालं. तेव्हापासून कुणी "इथे किती शांत वाटतं ना" म्हणालं की मी पटकन हो म्हणत नाही.

हे सगळं मी कटकट म्हणून लिहीत नाहीये, किंवा थोडं लिहीतच असेन. आमचा नवरा-बायकोचा या विषयावरचा वाद जुना आहे. ऑफ ग्रिडचं कौतुक करणारे लोक आले की मी बघते, त्यात पुरुष जास्त असतात. त्यांना चार्ज कंट्रोलरचा स्क्रीन बघायचा असतो, व्होल्टेज किती, करंट किती. नवरा रंगून दाखवतो. त्यावेळी त्यांच्या चहाचं पाणी गाळणारी, ओलं सरपण फुंकणारी आणि पाहुण्यांच्या चिखलाच्या जीन्स हाताने घासणारी मी असते. माझं म्हणणं, तारेने बायकांच्या पाठीवरचं किती ओझं उतरवलं हे तार नसलेल्या घरात राहिल्याशिवाय कळत नाही. मला वॉशिंग मशीन पाहिजे, बाकी मला काही नको. तो म्हणतो, मशीन तर नोव्हेंबर ते मे आत्ताही चालेल. मी म्हणते, मला ते जुलैत पाहिजे. आणि इथे त्याच्याकडे एक मुद्दा आहे, जो मला खोडता आलेला नाही. ज्या दिवसांत ऊन नसतं, तेच दिवस लाइन जाण्याचे. वाऱ्याने फांदी पडते, तार तुटते, पोल वाकतो, लाइनमन बिचारा चिखलातून कधी पोचणार. म्हणजे ज्या दिवशी मला ग्रिडची गरज, त्याच दिवशी ग्रिडचीही गत माझ्यासारखी.

याचं टोक मी निसर्ग वादळानंतर बघितलं. ३ जून २०२० ला ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं आणि रायगड-दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. माझी मावशी दापोलीजवळ. फोन लागला तोच मुळी बऱ्याच दिवसांनी, टॉवरच बंद. तिची विहीर काठोकाठ, पण पाणी काढता येईना. का, तर पंप बसवला तेव्हा रहाट काढून टाकला होता, वर लोखंडी जाळी बसवली होती वेल्डिंग करून. पाटा-वरवंटा बागेत शोभेला, जातं कुंडीखाली. मावशी म्हणाली, बाकी सगळं सोसलं गं, पण भरल्या विहिरीच्या काठावर उभं राहून टँकरची वाट बघायला लागली. आमच्या घरात त्या दिवशी दिवे चालू होते, पॅनलवर पाला पडला होता तेवढाच. नवरा काही बोलला नाही, पण चेहऱ्यावर थोडं समाधान होतं, आणि मला त्याचा राग पण आला आणि ते पटलं पण.

तर आजींचा प्रश्न. त्याचं उत्तर द्यायचं तर मला आधी हे कबूल करावं लागतं की आम्ही दोघी एकाच डोंगरावर, एकाच अंधारात राहत होतो तरी तो अंधार एक नव्हता. मी तो पैसे देऊन घेतला होता. नको झाला की पुण्यात फ्लॅट आहे, तिथे मीटर चालू आहे, गीझर आहे. वाडीवर लाइट नव्हती कारण ती आलीच नव्हती. २०१८ च्या २८ एप्रिलला मणिपूरमधल्या लेइसांग गावात वीज पोचली आणि देशातलं प्रत्येक गाव उजळलं असं जाहीर झालं, तेव्हा मी पेपर वाचून आजींना सांगितलं होतं. त्यांनी फक्त एकदा वर बघितलं, आपल्या घराकडे. त्यातली गोम अशी की व्याख्येप्रमाणे ट्रान्सफॉर्मर-तारा आल्या, शाळा-पंचायतीला वीज पोचली आणि १० टक्के घरांत दिवा लागला की गाव विद्युतीकृत. गावठाणात लाइट होती. वरच्या वाड्या त्याच गावात मोजलेल्या. म्हणजे आजी कागदावर कधीच्याच उजेडात होत्या. जुन्नरच्या बाजूला दरेवाडीत २०१२ मध्ये ग्राम ऊर्जा नावाच्या पुण्याच्या कंपनीने अख्ख्या वाडीसाठी सोलरचं छोटं ग्रिड उभं केलं, घराघरात मीटर, लोकांनीच पैसे गोळा करून चालवायचं. मला वाटायचं तसं इथे का नाही होत. एकदा मी हे मोठ्या उत्साहाने वाडीवर सांगितलं, तर आजींचा मुलगा म्हणाला, "ताई, सोलर नको. सोलर दिलं की मग खरी लाइट देत नाय. तुमाला दिलेलीच हाय म्हंत्यात." यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही.

आम्ही दोन पोल लिहायला सांगितले शेवटी. नवरा चार दिवस गप्प होता आणि मग एकदम बॅटऱ्यांच्या विषयावर आला, की या संपल्या की लिथियम घ्यायच्या, ८० टक्क्यांपर्यंत वापरता येतात, पाणी घालायला नको, जास्त वर्षं जातात. मी म्हटलं, बिघडली तर? लेड ॲसिडची बॅटरी तालुक्याचा पोरगा हाताने वजन करून सांगतो किती जीव उरलाय, जुनी किलोवर परत घेतो. लिथियमच्या आतलं सर्किट बंद पडलं तर ती डबी घेऊन थेट पुण्याला. इथे काय चांगलं यापेक्षा इथे काय दुरुस्त होतं ते बघावं लागतं, हे त्यानेच मला शिकवलेलं, आता स्वतःला सोयीस्कर विसरतोय. तो वाद अजून चालू आहे. दरम्यान पोल आले, रोवले, पैकी दोन आमच्या आंब्यापर्यंत येऊन उभे राहिले. तार ओढायची राहिली आहे कारण मीटरच्या अर्जावर नवऱ्याची सही व्हायची आहे. अर्ज टेबलावर आहे, त्याच्यावर सध्या तो हायड्रोमीटर ठेवतो.

वाडीला दिवाळीच्या आधी लाइट आली. मी फराळाचा डबा घेऊन गेले होते. मला वाटलं होतं काय काय दिसेल, टीव्ही वगैरे. आजींनी पहिला बल्ब घरात लावलाच नव्हता. तो शेरडांच्या वाड्याच्या दाराशी, बाहेर, उंच काठीला बांधलेला. बिबट्यासाठी. गेल्या पावसात दोन पाटी, तरण्या शेळ्या, नेल्या होत्या त्याने. "आता जरा डोळा लागतो," म्हणाल्या. त्या बल्बचा उजेड माझ्या अंगणातून दिसतो. आधी तिकडे नुसता काळा डोंगर असायचा आणि वर चांदण्यांची रेती सांडलेली. आता डोळा आधी त्या पिवळ्या ठिपक्यावर जातो. मला ते खटकतं आणि खटकतं याची लाज वाटते, आणि हे दोन्ही एकाच वेळी होतं, रोज, भांडी घासायला बाहेर बसले की.

लाइटवर दुसरी गोष्ट आली ती चक्की. आजींच्या सुनेने बचत गटाचं कर्ज काढून सिंगल फेजवर चालणारी घेतली. आधी दळण डोक्यावर घेऊन गावठाणात उतरावं लागायचं, नाहीतर जातं. आता आसपासच्या वाड्यांचं दळण तिच्याकडे येतं आणि माझी नाचणी पण. माझ्या साडेतीन युनिटांत ती चक्की बसायची नाही कधी. गेल्या आठवड्यात गेले तर लाइन सकाळपासून गेलेली. सून म्हणाली, "ताई, दळान ठिवून जावा, उद्या न्या," आणि माझ्या रिकाम्या पिशवीत चार्जर गुंडाळलेले पाच-सहा मोबाईल घातले, कुणाकुणाचे, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा. घरी आल्यावर नवऱ्याने हिशोब केला, एक फोन भरायला युनिटाचा पन्नासावा भाग लागतो, त्याचे काय पैसे घ्यायचे, राहू दे. मी म्हटलं, राहू दे काय, दळणाचे किलोला पाच रुपये ती माझ्याकडून पुरते मोजून घेते. तो म्हणाला, मग तू सांग तिला जाऊन रेट. मी अजून सांगितलेला नाही. फोन भरले, दोरे ओळखून परत दिले, पीठ जरा जाड आलंय.